गळ्यातला कुऱ्हाडवाला आणि बाबांचं गूगल

पत्र थोडक्यात असं आहे.

इंदूरचा एक २२ वर्षांचा मुलगा लिहितो. घर मराठी, बाबा बँकेत, आई घरीच शिकवण्या घेते, धाकटी बहीण अकरावीत. ह्याचं इंजिनीअरिंग संपत आलंय, अमेरिकेत एमएसला अ‍ॅडमिशन झालीये, व्हिसाचा इंटरव्ह्यू तोंडावर आहे. डेट्रॉइटच्या 'इन्सेन क्लाऊन पॉसी' ह्या रॅप जोडीचा तो फॅन आहे आणि त्यांचे पक्के फॅन स्वतःला 'जगलो' म्हणवतात तसा हाही म्हणवतो. गळ्यात कायम 'हॅचेटमॅन'चं लॉकेट, म्हणजे हातात कुऱ्हाड घेऊन पळणारा एक कार्टूनसारखा माणूस. तोच आता उजव्या हातावर, कोपराच्या खाली, टॅटू करून घ्यायचाय आणि तेही अमेरिकेला जायच्या आधी. मध्यंतरी दोन मित्रांबरोबर जोकरसारखं तोंड काळं-पांढरं रंगवून एक रील टाकली, कॅप्शन 'अपनी गँग, इंदौर'. ती एका काकांनी फॅमिली ग्रुपवर फिरवली, बाबांनी रात्री बसून गूगल केलं आणि समोर आलं एफबीआय. तेव्हापासून घरात एकच वाक्य, ते काढ नाहीतर अमेरिका विसर. दुसरीकडे ऑनलाइन ग्रुपमधल्या एका जुन्या जगलोने सुनावलंय की जो लॉकेट उतरवतो तो फॅमिली नाही. प्रश्न असे: लॉकेट काढलं तर मी गद्दार का? टॅटू करू की नको? बाबांना कसं समजावू? आणि इंदूरच्या मराठी घरातल्या पोराला हे मिरवायचा हक्क तरी आहे का? अगदी शेवटी एक ओळ आहे, 'जेईईच्या ड्रॉप इयरला कोणी फोनसुद्धा करत नव्हतं तेव्हा हीच गाणी होती'.

अरे, आधी बाबांच्या गूगलचंच बघू, कारण घरातला सगळा राडा तिथून सुरू झालाय आणि बाबांनी वाचलं ते खोटं नाहीये, फक्त अर्धं आहे. २०११ मध्ये अमेरिकेत गँगांबद्दलचा एक सरकारी रिपोर्ट निघाला, एफबीआयच्या हाताखालच्या गँगवाल्या केंद्राने काढलेला, आणि त्यात जगलोंना 'ढिल्या बांधणीची हायब्रिड गँग' म्हणून टाकलं. त्याच रिपोर्टात हेही आहे की अ‍ॅरिझोना, कॅलिफोर्निया, पेनसिल्व्हेनिया आणि युटा ह्या चारच राज्यांत त्यांना गँग मानलं जातं, आणि टोळ्या करून गुन्हे करणारे त्यातले थोडेच. पण एवढं कोण वाचत बसतं, 'फॅन म्हणजे गँग' एवढंच पुढे गेलं. मग जानेवारी २०१४ मध्ये बँडचे दोघं आणि चार फॅन असे मिळून सरकारविरुद्ध कोर्टात गेले, नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एसीएलयूची मिशिगन शाखा बरोबर होती. केस कधी फेटाळली, कधी परत उभी राहिली, शेवटी डिसेंबर २०१७ ला अपील कोर्टाने पण नाहीच म्हटलं, कारण असं की रिपोर्टाने थेट कोणावर कारवाई होत नाही, पुढे कुठल्या पोलिसाने काय केलं तो त्याचा त्याचा निर्णय. त्याच्या आधी, १६ सप्टेंबर २०१७ ला, हे सगळे तोंडं रंगवून वॉशिंग्टनला लिंकन मेमोरियलपाशी जमले होते, आम्ही गँग नाही, आम्ही गाणी ऐकतो हे सांगायला. हे एवढं सगळं बाबांच्या स्क्रीनवर पहिल्या पानावर नसणार. ते तुला त्यांच्यापुढे मांडावं लागेल.

मांडताना एक कर. फक्त तुझ्या बाजूचं मांडू नकोस, त्यांच्या बाजूचंही तूच सांग, कारण त्यांच्या बाजूनेही बरंच आहे. त्या केसमधला एक फॅन ट्रक ड्रायव्हर होता. टेनेसीमध्ये त्याला पोलिसांनी थांबवलं, कारण ट्रकवर हॅचेटमॅन काढलेला, आणि विचारलं काय तर गाडीत कुऱ्हाडी-बिऱ्हाडी आहेत का. तासभर अडकला बिचारा, सापडलं काहीच नाही. दुसऱ्या एकाला सैन्यात भरती व्हायचं होतं. भरतीवाला म्हणाला तुझे टॅटू गँगचे आहेत, त्याने शेकडो डॉलर घालून ते दुसऱ्या टॅटूखाली झाकले, तरीही नाहीच घेतलं. म्हणजे बाबा घाबरलेत ते हवेत नाही घाबरलेले. त्यांना कारण चुकीचं कळलंय पण भीतीची जागा बरोबर आहे.

इथे तुझ्या पत्रातलं एक गृहीत मला जरा हलवून बघायचंय. तू लिहितोस, 'ज्यांना अर्थ माहीत नाही त्यांच्यासाठी मी का बदलू?' वाक्य भारी आहे, रीलवर टाकायला मस्त. पण चिन्हाचा अर्थ घालणारा एकटा ठरवत नाही ना रे, बघणारा पण ठरवतो, आणि बघणाऱ्याच्या हातात जेव्हा शिक्का असतो तेव्हा त्याचाच अर्थ चालतो. आपली रंगपंचमीची गेर घे. राजवाड्यासमोर माणूसच माणूस, टँकरमधून रंग, कोणाचं तोंड ओळखू येत नाही, भोंगे, आरडाओरडा, कोणी कोणाच्या खांद्यावर. आपल्याला माहिती असतं की त्या गर्दीत एलआयसीवाले काका आहेत आणि बँकेतला अर्धा स्टाफ आहे. आता हाच तीस सेकंदांचा व्हिडिओ आवाज बंद करून परदेशातल्या एखाद्या अधिकाऱ्याला दाखव, ज्याने इंदूर नाव ऐकलेलं नाही, आणि विचार हे काय चाललंय. तो दंगल म्हणेल. त्याचा काही दोष नाही आणि गेरेचाही नाही. तुझी रील काकांनी तशीच बघितली, आवाज बंद करून, वर 'गँग' लिहिलेलं.

कॅप्शनवरून थोडं थांबते. इंदूरमध्ये चार पोरं पोहे खायला निघाली तरी ती 'अपनी गँग' असते, हे मला माहितीये, तुला माहितीये. पण ज्या फॅन लोकांनी 'आम्ही गँग नाही' म्हणून चार वर्षं कोर्टकचेरी केली, त्यांचं चिन्ह गळ्यात घालून तू खाली स्वतःच्या हाताने 'गँग' लिहिलंस! हे वाचून मला हसू पण आलं आणि तुझ्या त्या ऑनलाइन दादाने ह्यावर तुला काही कसं म्हटलं नाही ह्याचं नवलही वाटलं. लॉकेटवर मात्र लगेच निकाल.

आता गाण्यांबद्दल. तू म्हणतोस ती फक्त प्रेम आणि फॅमिलीची आहेत, लोक वरवर बघतात. मी बसून ऐकली, खोटं कशाला बोलू, मला फारशी झेपली नाहीत, पण मी तुझ्या वयाची नाही आणि मला झेपावीत अशी अपेक्षाही नाही. जे कळलं ते असं, की त्यांनी एक भुताटकीची जत्रा उभी केलीये, मेल्यावर तिथे तुमच्या पापांचा हिशोब होतो, वर्णद्वेष करणारे आणि घरात बायकापोरांना मारणारे तिथे कापले जातात, आणि २००२ मध्ये ह्या जत्रेच्या अल्बम-मालिकेतल्या सहाव्या भागाच्या शेवटी त्यांनीच सांगून टाकलं की जत्रा म्हणजे देव होता. त्यावर त्यांचे कितीतरी फॅन भडकले होते म्हणे, आमच्या कीर्तनात असं झालं असतं तर लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. गरीब गोऱ्या वस्तीतली, कोणी न विचारलेली पोरं एकमेकांना धरून राहतात, स्वस्तातला फेगो सोडा एकमेकांवर उडवतात, हे सगळं खरं. ही कोणी पैसेवाल्यांची फॅशन नाहीये. डिस्नेच्या मालकीच्या रेकॉर्ड कंपनीने १९९७ मध्ये त्यांचा अल्बम दुकानात आल्यावर काही तासांत मागे घेतला, तेव्हापासून 'आपल्याला कोणी घेत नाही' हे त्यांच्या रक्तातच आहे. ह्यातलं तुला काय भिडलं असेल ते मला दिसतं.

पण त्याच गाण्यांत बायकांबद्दल जे आहे ते घाण आहे. ह्याला दुसरा शब्द नाही. आणि तू ते पत्रात एका अक्षराने लिहिलेलं नाहीस. उद्या तुझी अकरावीतली बहीण हेडफोन लावून तुझी प्लेलिस्ट ऐकेल आणि विचारेल दादा हे काय आहे, तेव्हा 'तुला कळत नाही' म्हणणार का? फॅन असणं म्हणजे वकीलपत्र घेणं नव्हे, हे मला आवडतं आणि हे मला अजिबात आवडत नाही असं दोन्ही एका तोंडाने म्हणता येतं. बाबांसमोर तू हे स्वतःहून म्हणालास तर तुझ्या बाकीच्या बोलण्याला वजन येईल. सगळंच चांगलं आहे म्हणणाऱ्या पोरावर कोणता बाप विश्वास ठेवतो?

तर गद्दारी. हा दादा म्हणतो लॉकेट उतरवलं की फॅमिली संपली. त्याला एक विचार, सैन्यात जाण्यासाठी ज्या माणसाने स्वतःचे टॅटू झाकून टाकले तो फॅमिलीत आहे की नाही? कारण तोच माणूस पुढे कोर्टात उभा राहिला, जगलोंच्या बाजूने, स्वतःचं नाव देऊन, बँडच्या शेजारी. बँडने त्याला चिन्ह झाकलं म्हणून बाहेर काढलं नाही, उलट त्याच्यावर चिन्ह झाकायची वेळ आली हाच तर केसचा मुद्दा होता. नोकरीच्या दारात, पोलिसासमोर कोणालाही हे झाकावं लागू नये म्हणून ते लढले, आणि तोपर्यंत ज्याला झाकावं लागलं त्याच्या बाजूने लढले. मग मुंबईला इंटरव्ह्यूच्या सकाळी तू लॉकेट काढून बॅगेत ठेवलंस तर कोणता नियम मोडलास? हा दादा कुठे राहतो, काय करतो, त्याचा काही व्हिसा-बिसा अडकलेला आहे का, हे तुला माहितीये का? तुझ्या पत्रावरून तरी नाही वाटत. दुसऱ्याच्या गळ्यातल्या लॉकेटवर शूर होणं सोपं असतं बाबा.

आणि हळूच सांगते, तो हॅचेटमॅन मुळात सायकोपॅथिक रेकॉर्ड्स ह्या कंपनीचा लोगो आहे, त्या जोडीचीच कंपनी. लोकांनी तो आपला केला हे खरं, त्यात पोरांनी जीव ओतला हेही खरं, पण तो दुकानात विकत मिळतो, तूही पैसे देऊन मागवला आहेस. जे पैसे देऊन घालता येतं ते काढल्याने माणूस आतून बदलत नाही.

आता हक्काचं. हा प्रश्न तू शेवटी भीत भीत विचारलायस आणि मला तोच सगळ्यात आवडला. डेट्रॉइटच्या गरीब वस्तीचं दुःख इंदूरच्या बँकवाल्याच्या पोराने गळ्यात घालावं का? तुझं त्यांच्यासारखं नाही, हे मान्य कर, घरात एसी आहे, अमेरिकेच्या फीचं लोन पास झालंय. ते लपवून 'मी पण रस्त्यावरचा' असा आव आणलास तर ते खोटं ठरेल आणि खरे जगलोच आधी हसतील. पण आव न आणता आवडणं ह्याला कोणाचं सर्टिफिकेट लागत नाही. आपण इंदूरची मराठी माणसं हे सांगायला सगळ्यात योग्य आहोत. आपले लोक होळकरांबरोबर माळव्यात आले, १८१८ नंतर इंदूर राजधानी झाली तेव्हा अजून आले, इतक्या पिढ्या झाल्या तरी पुण्याला लग्नाला गेलं की कोणीतरी मावशी म्हणतेच, 'तुमचं मराठी जरा वेगळंच हो', आणि इकडे इंदूरमध्ये आपण 'वो मराठी लोग'. आपण 'भिया' पण म्हणतो आणि 'अगं बाई' पण म्हणतो. सानंदची नाटकं बघून घरी येतो आणि हिंदीत भांडतो. त्यात अस्सल कुठलं हे विचारायला गेलं तर संध्याकाळ होईल. तर इंदूरचा जगलो असायला माझी काही हरकत नाही, फक्त इंदूरचाच अस. हिप हॉपला पण ह्यात नवीन काही नाही. ११ ऑगस्ट १९७३ ला ब्राँक्समधल्या एका बिल्डिंगच्या पार्टीत ज्याने हे सुरू केलं असं मानतात तो डीजे कूल हर्क स्वतः जमैकातून आलेला पोरगा होता.

आणि आता ती शेवटची ओळ. तू पत्रात लॉकेटवर दोन पानं लिहिलीस आणि ड्रॉप इयरवर एक वाक्य. मला वाटतं प्रकरण उलटं आहे. बारावीनंतरचं ते वर्ष, बरोबरचे सगळे कॉलेजला गेलेले, तू गीता भवनच्या बाजूला कोचिंगला जाऊन परत येऊन खोलीत, आणि कोणाचा फोन नाही. त्या वर्षी कोणीतरी कानात ओरडत होतं की ज्यांना कोणी घेत नाही ते सगळे आमचे. कोणालाही ते धरावंसं वाटलं असतं. पण हे तुझ्या बाबांना माहिती आहे का? मला शंका आहे की नाही. त्यांच्या आठवणीत ते वर्ष म्हणजे फी, टेस्ट सिरीज आणि रिझल्ट. त्यांच्या डोळ्यासमोर आत्ता फक्त रंगवलेलं तोंड आहे, त्यामागचा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा नाहीच.

म्हणून समजवायचं कसं, तर क्रम असा ठेव. पहिलं वाक्य हे: 'बाबा, इंटरव्ह्यूला लॉकेट घालणार नाही आणि जायच्या आधी टॅटू करणार नाही.' आधी हेच. स्पष्टीकरणं देऊन मग शेवटी हे दिलंस तर ते हरल्यासारखं वाटतं, आधी दिलंस तर बाबांचा श्वास मोकळा होतो आणि पुढचं त्यांना ऐकू येतं. मग रिपोर्ट, कोर्ट, ट्रकवाला, सगळं सांग, लॅपटॉप उघडून दाखव, बँकेतला माणूस आहे, कागद बघून त्याला बरं वाटतं. आणि मग ते वर्ष सांग. हे शेवटचं आईसमोर सांगितलंस तर अजून बरं, पण काकांसमोर नको आणि फॅमिली ग्रुपवर तर मुळीच नको. बाबा लगेच मान डोलावतील अशी आशा ठेवू नकोस, 'हं' म्हणून उठून जातील, ते 'हं' चांगलं समज.

टॅटूला मी आत्ता नाही म्हणतेय, कायमचं नाही. कारण २०२४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेली एक केस. एका अमेरिकन बाईच्या साल्वाडोरच्या नवऱ्याला व्हिसा नाकारला, अधिकाऱ्याला त्याच्या टॅटूंवरून तो गँगवाला वाटला. टॅटू काय होते माहितीये? मेरी माता, नाटकातले हसरे-रडवे मुखवटे, आणि चक्क मानसशास्त्रवाला सिग्मंड फ्रॉइड. नवरा-बायको म्हणत राहिले की गँगशी काही संबंध नाही, तरी कोर्टाने बायकोच्या विरोधातच निकाल दिला. तो कायमचं तिकडे राहायचा व्हिसा होता, तुझा स्टुडंटचा आहे, दोन्हीचं गणित वेगळं, आणि एका टॅटूने तुझा व्हिसा जाईलच असं कोणीही सांगू शकत नाही. पण तुझं चित्र तर फ्रॉइड पण नाहीये, ज्यांना सरकारी रिपोर्टाने गँग म्हटलं त्यांचंच चिन्ह आहे. लॉकेट दोन सेकंदांत निघतं. टॅटू लेझरने काढायचा तर बरेच सिटिंग, पैसे, दुखणं, आणि तरी पुसट डाग राहतो. तिकडे जा, एक-दोन सेमिस्टर जाऊ दे, तिथल्या जगलोंना प्रत्यक्ष भेट, त्यातला कोणी तुला आवडेल, कोणी डोक्यात जाईल. त्यानंतरही हवासा वाटला तर कर, आणि कोपराच्या खाली नको, दंडावर कर, हाफ शर्टात झाकला जाईल असा.

रीलचं काय. व्हिसाच्या फॉर्ममध्ये मागच्या पाच वर्षांत वापरलेले सोशल मीडिया हँडल लिहावे लागतात, हे २०१९ पासून आहे, आणि जून २०२५ मध्ये स्टुडंट व्हिसावाल्यांना प्रोफाइल पब्लिक ठेवायला सांगितलंय. तेव्हा हँडल लपवणं, अर्धवट लिहिणं, हे चुकूनही करू नकोस, रंगवलेल्या तोंडापेक्षा खोटा फॉर्म कितीतरी महाग पडतो. घाबरून आख्खं अकाउंट उडवायचीही गरज नाही. कॅप्शन बदल, 'गँग' काढ, सरळ लिही की अमुक बँडचे फॅन, अमुकसारखा मेकअप. कोणी विचारलंच तर एका वाक्यात शांतपणे सांगता आलं पाहिजे, आरशासमोर नको, बहिणीसमोर प्रॅक्टिस कर, ती नीट खोड्या काढेल.

पत्र ह्याचं असलं तरी असे बरेच जण वाचत असतील म्हणून थोडं त्यांनाही. तुमचा बँड वेगळा असेल, कोणी रॅपर एमसी स्टॅनसारख्या जाड चेन घालतं, कोणी कपाळाला बंदाना बांधतं. निळा आणि लाल बंदाना लॉस एंजेलिसमध्ये क्रिप्स आणि ब्लड्स ह्या दोन खऱ्या गँगांची ओळख होती, गाण्यांतून तो जगभर फॅशन म्हणून गेला. छप्पन दुकानसमोर सेल्फीत बोटांचे इशारे करता ते कुठून आलेत एवढं तरी बघून घ्या, मग करायचे तर करा. आईवडिलांनो, तुम्ही पण पहिल्या पानावर थांबू नका. २०२३ च्या मार्चमध्ये इंदूरमध्ये स्टॅनचा शो करणी सेनेने गाण्यांतल्या शिव्यांवरून बंद पाडला, तेव्हा किती घरांत पोरांशी बोलणं झालं? बऱ्याच ठिकाणी नुसते हेडफोन जप्त झाले, आणि हेडफोन पाचशेत नवीन येतात.

आणि जे महूला आर्मीचे जवान बघत मोठे झालेत आणि भरतीची तयारी करतायत त्यांच्यासाठी वेगळं. आपल्या सैन्यात कायमचा टॅटू फक्त हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि पंजाच्या मागच्या बाजूला चालतो, आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रीतीप्रमाणे सूट आहे. म्हणजे वरच्या मुलाला मी दंडावर म्हटलं ते तुम्हाला लागू नाही, उलट पडेल. भरतीच्या नोटिफिकेशनमध्ये टॅटूबद्दल लिहिलेलं असतं, टॅटूवाल्याला अ‍ॅडव्हान्स द्यायच्या आधी ते वाचा.